फाटकावरची भाषा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)





या व्यासपीठावरून दरवर्षी डॉक्टर, वकील, प्राध्यापक बोलतात. यंदा चिटणीस साहेबांनी मला बोलावले, तेव्हा मी म्हणालो, "साहेब, मी आयुष्यभर फाटकावर उभा राहिलेला माणूस, मी काय बोलणार?" ते म्हणाले, "मग फाटकाबद्दलच बोला." म्हणून आज बोलतो आहे. कारखाना, दवाखाना, बँक, कचेरी यांच्या दारावर जो सुरक्षा रक्षक उभा असतो, त्याने येणाऱ्या माणसाशी कसे बोलावे, एवढाच माझा विषय आहे.

तुम्हाला वाटेल, यात शिकण्यासारखे काय आहे? परंतु समोर बसलेल्या पालकांपैकी पुष्कळांना मी ओळखतो. कुणाचा मुलगा नागापूरच्या एम.आय.डी.सी.त, कुणाचा भाऊ सुप्याच्या कारखान्यात, कुणाचा भाचा दवाखान्याच्या दारावर या कामाला आहे. घरी कुणी विचारले की आपण आवाज खाली आणून सांगतो, "सध्या वॉचमन आहे, पुढं बघू." हे "पुढं बघू" म्हणता म्हणता दहा वर्षे निघून जातात आणि मुलगा जे काम रोज बारा बारा तास करतो, ते काम शिकायचे राहूनच जाते. आपण त्याला हुन्नर मानलेलेच नसते.

सरकारने मात्र मानले आहे. महाराष्ट्रात खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी १९८१ साली कायदा झाला आणि त्यातून सुरक्षा रक्षक मंडळे आली. पुढे २००५ साली खाजगी सुरक्षा एजन्सींसाठी केंद्राचा कायदा आला. त्याखालील २००६ च्या आदर्श नियमांत रक्षकाला किमान १०० तास वर्गात व ६० तास प्रत्यक्ष जागेवर शिक्षण द्यावे, असे लिहिले आहे. काय काय शिकवावे याची यादीही दिली आहे. आग विझवणे, प्रथमोपचार, गर्दी आवरणे, ओळखपत्र तपासणे, सारे तीत आहे. पण यादीत पहिले नाव कशाचे आहे? लोकांशी वागणूक आणि गणवेश नीट घालणे. व्यायाम, शस्त्र, आग हे सगळे त्याच्यानंतर. शिट्टी कोणत्या खिशात ठेवावी, हेदेखील त्या नियमांत आहे. (डाव्या खिशात. आमच्या वेळी ती दोरीला बांधून गळ्यात लटकत असे.) हे १६० तास प्रत्यक्षात किती मुलांच्या वाट्याला येतात, ते या सभागृहातील मुलांनी स्वतःच सांगावे. मी पाहिले ते असे, की सोमवारी अर्ज, मंगळवारी गणवेश आणि बुधवारी फाटक.

असाच एक मुलगा माझ्या हाताखाली आला होता. आपल्याच मोहल्ल्यातला, त्याचे नाव सांगत नाही. बारावीला एका विषयात राहिलेला, वय वीस. मी त्या वेळी सुपरवायझर होतो. मुलगा अंगापिंडाने चांगला, वक्तशीर, नियमाला पक्का. मे महिन्याची दुपार होती. पाथर्डीकडून एस.टी.ने एक वृद्ध जोडपे आले. त्यांचा मुलगा आत ठेकेदाराकडे कामाला होता आणि त्याच्या हाताला लागले आहे, असा फोन गावात कुणाला तरी आला होता. म्हातारा घाबरलेला, पायांत घाईघाईने घातलेल्या वहाणा. तो सरळ आत निघाला. आमचा मुलगा आडवा झाला आणि म्हणाला, "ए बाबा, कुठं चालला? पास आहे का? नाही ना? मग हो मागं!" म्हातारा म्हणाला, "माझं पोरगं आत आहे." मुलगा पुन्हा म्हणाला, "पोरगं असू दे, मागं हो." म्हातारा थांबेना, तेव्हा मुलाने त्याच्या खांद्याला हात लावला. म्हातारा तोल जाऊन पडला. शिफ्ट सुटण्याची वेळ होती. शेदोनशे कामगार फाटकाशी होते, त्यांनी ते पाहिले. पुढचे सांगत नाही. संध्याकाळी मुलाचा गणवेश काढून घेतला गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई माझ्या दारात आली. बसलीसुद्धा नाही. म्हणाली, "भाईजान, माझ्या पोरानं नियमच पाळला ना? पास नव्हता तर सोडायचं नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं ना?"

खरे होते. नियम मी सांगितला होता. मी त्याला शिट्टी दिली होती, काठी दिली होती, रजिस्टर दिले होते. बोलायला मात्र एकही वाक्य दिले नव्हते. घाबरलेला बाप दारात आला तर त्याला काय म्हणायचे, हे त्या मुलाला कुणीच शिकवलेले नव्हते आणि त्याने ते कुठे ऐकलेलेही नव्हते. आमच्या फाटकावर सगळे तसेच बोलत. मीही.

त्या वेळी म्हणायचे होते ते एवढेच: "बाबा, बसा आधी. मुलाचं नाव सांगा. आत सोडायचा अधिकार मला नाही, पण मी आत्ताच आत फोन लावतो." घड्याळ लावून पाहा, दहा-बारा सेकंद लागतात. नियम जिथल्या तिथे राहतो आणि माणूस बसतो.

नगरच्या माणसाला हे शिकण्यासाठी लांब जायला नको. आपला भुईकोट किल्ला तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. १९४२ च्या ऑगस्टपासून पंडित नेहरू, मौलाना आझाद व काँग्रेसचे इतर पुढारी तिथे कैदेत होते. मौलानांनी तिथे लिहिलेली पत्रे 'गुबारे खातिर' या नावाने १९४६ साली पुस्तकरूपाने निघाली. तिथल्या बंदोबस्ताच्या अधिकाऱ्याचे मौलानांनी गमतीने चीता खान असे नाव ठेवले होते. एप्रिल १९४३ मध्ये मौलानांच्या बेगम झुलेखा कलकत्त्यात अत्यवस्थ झाल्या. तेव्हा त्या सुपरिंटेंडेंटने मौलानांना येऊन सांगितले की, आपणास सरकारला काही कळवायचे असेल तर मी ते ताबडतोब पुढे पाठवतो, इथल्या नेहमीच्या बंधनांमुळे त्याला उशीर होऊ देणार नाही. मौलानांनी सरकारकडे काही मागायचे नाकारले. बेगमसाहेबा ९ एप्रिलला वारल्या. मौलाना किल्ल्यातच होते.

त्या अधिकाऱ्याची बाजू पाहा. फाटक उघडणे त्याच्या हाती नव्हते. तो इंग्रज सरकारचा नोकर होता आणि समोरचा माणूस त्या सरकारचा कैदी. तरी "माझ्या हाती नाही" एवढे म्हणून तो गेला नाही. आपल्या हाती काय आहे ते त्याने आपण होऊन सांगितले. मौलानांनी ते लक्षात ठेवले आणि लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला कळते. विद्यार्थ्यांनो, हे पुस्तक मुळातून वाचा.

आता भाषेबद्दल थोडे. आपल्या घरात दखनी बोलली जाते. दखनीत "तुम" हा शब्द वडीलधाऱ्यांनाही चालतो, त्यात अनादर नाही. पण उत्तरेकडून आलेल्या इंजिनियरला "किदर जा रहे तुम?" म्हटले की त्याचा चेहरा उतरतो आणि आपल्या मुलाला कळतच नाही की आपले काय चुकले. तिथे "आप" म्हणावे. मराठीत तर तू, तुम्ही व आपण अशा तीन पायऱ्या आहेत. खेड्यातली म्हातारी रक्षकाला "तू रे बाळा" म्हणेल, ते तिने म्हणावे. तिच्या तोंडी ती माया आहे. आपण मात्र उत्तर "तुम्ही"नेच द्यायचे. "काय काम आहे?" हा प्रश्न शब्दांनी वाईट नाही, पण फाटकावर तो "तुझं इथं काय काम?" असाच ऐकू येतो. त्याऐवजी "कोणाला भेटायचं आहे आपल्याला?" म्हणावे. "नाव काय?" यापेक्षा "रजिस्टरला आपलं नाव घ्यायचं आहे" हे बरे. कुणालाही कपड्यांवरून मावशी, बाबा करू नये. डबा घेऊन आलेल्या लुगड्यातल्या बाईंना एका रक्षकाने "ए मावशी, मागच्या दारानं" म्हटलेले मी ऐकले आहे. त्या मोठ्या साहेबांच्या मातोश्री निघाल्या. पण त्या नसत्या आणि खरोखर भांडी घासायला आलेल्या असत्या, तरी ते बोलणे तितकेच चुकीचे होते. हा दुसरा भाग आमच्यात कुणी बोलून दाखवला नाही.

नावावरून आठवले. आपले नाव ऐकल्यावर समोरच्याच्या कपाळावर येणारी आठी काय असते, हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायला नको. मग खुर्चीवर आपला मुलगा असताना कुणाचेही नाव, जात, गाव ऐकून त्याचा स्वर बदलता कामा नये. मोटारीतून येणाऱ्याला जे विचारतो, तेच सायकलवाल्याला विचारायचे आणि त्याच शब्दांत. स्वर बदलला की ते त्या माणसाला कळते.

याचा अर्थ गोड बोलून सर्वांना आत सोडावे, असा कुणी घेऊ नये. उलटे होते. जो ओरडतो, तो मोठ्या गाडीपुढे हटकून गप्प होतो, कारण त्याच्याकडे ओरडणे आणि सलाम ठोकणे या दोनच गोष्टी असतात. काच खाली न करता "ओळखत नाहीस का मला?" म्हणणारे गृहस्थ आठवड्यातून एकदा येतातच. त्यांना म्हणावे, "साहेब, माफ करा, मी नवीन आहे. एक मिनिट द्या, आत विचारून लगेच फाटक उघडतो." आपण नवीन नसलो तर नवीन आहोत म्हणू नये, खोटे बोलू नये; "मला विचारावं लागतं" एवढे पुरते. तसेच "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे खोटे. साहेब खिडकीत दिसतात आणि मग रक्षकाच्या कुठल्याच शब्दाला किंमत राहत नाही. "अजून परवानगी आलेली नाही, दहा मिनिटांनी पुन्हा फोन करतो" म्हणावे आणि दहा मिनिटांनी खरोखर करावा. त्या दहा मिनिटांत माणसाला सावली आणि पाणी मिळाले पाहिजे. आपला जिल्हा दुष्काळी, फाटकावर माठ नसेल तर व्यवस्थापनाकडे मागून घ्यावा. मी मागितला होता, तिसऱ्या अर्जाला मिळाला.

अंगाला हात लावू नये, हे वेगळे सांगायला हवे. गणवेश घातला म्हणून आपण पोलीस होत नाही. पोलिसांखेरीज इतर माणसाने एखाद्याला केव्हा पकडावे, हे २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे. ते डोळ्यांसमोर घडलेल्या गंभीर गुन्ह्यापुरते किंवा फरारी म्हणून जाहीर झालेल्या गुन्हेगारापुरते, आणि तेही सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचे. गेटपास नसणे हा असा गुन्हा नव्हे. स्त्रियांची तपासणी तर स्त्री रक्षकानेच, आडोसा करून करावी. बुरखा घेतलेल्या आपल्या भगिनींना याची किंमत ठाऊक आहे.

आणि पालकांनो, तुम्हीही कुठे ना कुठे पाहुणे असताच. दवाखान्यात भेटीची वेळ संपल्यावर आपण रक्षकाशी किती हुज्जत घालतो! परक्या घरी परवानगी घेऊन व सलाम करून जावे आणि परत जा म्हटले तर परत फिरावे, हे सूरह नूरमध्ये आपण सर्वांनी वाचले आहे. ते वाचलेले दवाखान्याच्या जिन्यापाशी कुठे जाते? पंधरा तास उभा असलेला मुलगा तिथे आपलाच असतो. माझ्या सख्ख्या मेहुण्याने अशाच एका मुलाला दरडावले होते आणि मी शेजारी उभा राहून गप्प होतो.

तो गणवेश काढून घेतलेला मुलगा वर्षभर इकडे तिकडे करत होता. मी रविवारी सकाळी त्याला व आणखी चार-पाच जणांना घरी बोलावू लागलो. एकाने पाहुणा व्हायचे आणि एकाने रक्षक. पाहुणा कधी घाबरलेला, कधी प्यालेला, कधी आमदाराचा माणूस. हसत खेळत चाले. पाहुणा व्हायला सगळे तयार, रक्षक व्हायला कुणी तयार नसे, कारण पाहुण्याला हवे ते बोलता येई. तो मुलगा पहिल्या दोन रविवारी काहीच बोलला नाही. तिसऱ्या रविवारी त्याने म्हातारा व्हायला मागितले. त्याने त्या म्हाताऱ्याचे सोंग हुबेहूब केले, वहाणांसकट. मग बराच वेळ कुणी हसले नाही.

गेल्या पावसाळ्यात माझी बहीण एका दवाखान्यात होती. मी संध्याकाळी गेलो तर दारावर तोच. मला पाहून उभा राहिला, सलाम केला. मला वाटले, आता हा सोडतो. त्याने रजिस्टर माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाला, "चाचा, आत राउंड चालू आहे. वीस मिनिटं लागतील. वॉर्डात फोन करून आपा कशा आहेत ते विचारून देतो, तोवर बसा." मी नाव लिहिले, वेळ लिहिली आणि बाकावर बसलो. बाकावर आधीच शेवगावकडचे दोघे बसले होते, त्यांनी मला जागा करून दिली.