फुगलेलं दार आणि अडकलेली आजी

आजचा एपिसोड छोटा आहे, आणि विषय आहे माझीच एक चूक.

मागच्या जुलैत आजी मोरीत अडकली. आमचं गाव भोरकडे. पावसात चार-चार दिवस ऊन दिसत नाही. मी माळ्यावर हेडफोन लावून ऑफिसच्या कॉलवर, आणि खाली आजी दार वाजवतेय. वीस मिनिटांनी पाणी प्यायला उतरलो तेव्हा कळलं. "आजी, बाजूला हो" म्हणत खांद्याने दोन धक्के दिले, तेव्हा कुठे दार सुटलं. आजी एवढंच म्हणाली, "हाका मारून घसा बसला रे."

ते दार एप्रिलमध्ये मीच बसवून घेतलं होतं. सागाच्या फळ्या जोडून केलेलं. सुतारकाका कडेला फट ठेवत होते. मी म्हटलं, "काका, फट वाईट दिसते, घट्ट बसवा." ते म्हणाले, "पावसात रडशील." मी हसलो.

आता यामागचं कारण ऐका. लाकूड म्हणजे उभ्या तंतूंची मोळी. हवेतली वाफ तंतूंच्या भिंतींमध्ये शिरते आणि प्रत्येक काडी जाड होते. मोळी रुंद होते, पण लांबी जवळपास तेवढीच राहते. म्हणून दार उंचीला वाढत नाही, रुंदीला वाढतं. हे फुगणं लाकडातलं पाणी साधारण ३० टक्क्यांवर पोचेपर्यंत चालतं, पुढे थांबतं.

हिशोब करू. कोरड्या एप्रिलमध्ये लाकडात ८-९ टक्के पाणी असतं, भर पावसाळ्यात १६-१७. पाणी एक टक्का वाढलं की सागाची फळी रुंदीत साधारण ०.१ ते ०.२ टक्के वाढते, फळी खोडातून कशी कापली आहे त्यावर. ७५ सेंटीमीटरचं दार, आठ टक्के फरक. म्हणजे ६ ते १२ मिलिमीटर! आणि मी फट ठेवली होती शून्य. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग फक्त एप्रिलमध्ये केलं, आणि प्रॉडक्शनला जुलै आला.

जुन्या वाड्यांमधली पॅनेलची दारं आठवा. मधलं पॅनेल खाचेत सैल बसवलेलं असतं, डिंकाने चिकटवत नाहीत. त्याला फुगायला आत जागा असते, बाहेरचं माप फारसं बदलत नाही.

दुसऱ्या दिवशी काकांना बोलावलं. मी म्हटलं, "एक सेंटीमीटर काढून टाका, कटकटच नको." ते म्हणाले, "आत्ता ते पोटभर प्यालंय, याहून फारसं फुगायचं नाही. घासतं तेवढंच काढू. जास्त काढलं तर उन्हाळ्यात मांजर येईल आत." चौकटीला खडू लावला, दार मिटलं, आणि खडू उमटला तिथेच रंधा मारला.

दिवाळीनंतर दार सुकल्यावर आम्ही त्याच्या वरच्या-खालच्या कडाही रंगवल्या. त्या कडा सहसा कोऱ्या राहतात, आणि तंतूंची तोंडं तिथेच उघडी असतात, त्यामुळे पाणी तिथूनच सगळ्यात पटकन शिरतं. रंगाने फुगणं थांबत नाही, पण हळू होतं.

आतली कडी मात्र आम्ही काढून टाकली. आजी आता दार नुसतं लोटून घेते. आणि ती मोरीत असली की मी एका कानातला हेडफोन काढतो.

आज घरातल्या दाराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवून बघा. कोरी असेल तर पावसाच्या आधी रंगवा. भेटू पुढच्या एपिसोडला!