बहुमत बदलले म्हणजे कोंडी सुटते काय?



आजच्या व्याख्यानाचा विषय अमेरिकेच्या विधिमंडळासंबंधीचा आहे. निवडणुकीत एका पक्षाचे बहुमत जाऊन दुसऱ्याचे आले, म्हणजे पक्षांच्या झगड्यात अडकून पडलेले कायदे मोकळे होतात काय, हा प्रश्न आपणांस सोडवावयाचा आहे. होतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत खरी आहे, हे आपण तेथील कृष्णवर्णीय जनतेच्या मताधिकाराच्या इतिहासावरून तपासून पाहू; कारण या कोंडीची झळ त्या जनतेने पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे.

प्रथम तेथील रचना समजून घ्यावयास हवी. अमेरिकेत काँग्रेस हे पक्षाचे नाव नसून संसदेचे नाव आहे. तिची दोन गृहे आहेत. प्रतिनिधिगृहात ४३५ सभासद असून ते सर्व दर दोन वर्षांनी निवडले जातात. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन याप्रमाणे १०० सभासद असून त्यांची मुदत सहा वर्षांची असते व दर दोन वर्षांनी सुमारे एकतृतीयांश जागांची निवडणूक होते. म्हणजे एका निवडणुकीत सारी सिनेट कधीच पालटत नाही. दोन्ही गृहांनी मंजूर केलेल्या विधेयकावर राष्ट्राध्यक्षाची संमती लागते, ती तो नाकारू शकतो.

याखेरीज सिनेटमध्ये आणखी एक अडसर आहे. आपल्या संसदेत साधा कायदा हजर राहून मत देणाऱ्यांच्या साध्या बहुमताने होतो. सिनेटमध्येही अखेरच्या मतदानास तेवढेच पुरते; परंतु चर्चा संपविल्याशिवाय ते मतदान होत नाही, आणि चर्चा संपविण्यास साधे बहुमत पुरत नाही. १९१७ साली झालेल्या नियमाने त्यासाठी दोनतृतीयांश मते ठरविली. १९७५ साली ती तीनपंचमांश, म्हणजे ६० करण्यात आली. चर्चा लांबवून विधेयक मारण्याच्या या युक्तीला तिकडे ‘फिलिबस्टर’ म्हणतात. १९५७ साली नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध स्ट्रॉम थर्मंड हा सिनेटर चोवीस तासांहून अधिक वेळ एकटा बोलत राहिला होता.

आता १९६४ सालचे उदाहरण घ्या. नागरी हक्कांचे विधेयक प्रतिनिधिगृहाने २९० विरुद्ध १३० मतांनी मंजूर करून सिनेटकडे पाठविले. सिनेटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे ६७ सभासद होते. सर्व १०० सभासद हजर असता चर्चा बंद करण्यास त्या वेळी नेमकी ६७ च मते लागत. कागदावर पाहता त्या पक्षास दुसऱ्या कोणाची गरजच नव्हती! प्रत्यक्षात काय घडले? दक्षिणेतील त्याच पक्षाच्या सभासदांनी विधेयक आठवडेच्या आठवडे अडवून धरले. १० जून १९६४ रोजी चर्चा बंद करण्याचा ठराव ७१ विरुद्ध २९ मतांनी संमत झाला, तेव्हा अनुकूल मतांत ४४ डेमोक्रॅट होते आणि २७ रिपब्लिकन. डेमोक्रॅटिक पक्षाच्या २३ जणांनी विरोधात मत दिले. विरोधी पक्षाचे नेते एव्हरेट डर्कसन यांनी आपले सभासद वळविले नसते, तर ती कोंडी फुटली नसती. तात्पर्य, जागांचे बहुमत आणि प्रश्नाचे बहुमत या दोन भिन्न गोष्टी आहेत.

पुढील वर्षी, १९६५ च्या मार्चमध्ये, सेल्मा गावच्या पुलावर मताधिकार मागणाऱ्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालविल्या आणि ६ ऑगस्टला मताधिकाराचा कायदा झाला. मिसिसिपी राज्यात कायद्यापूर्वी कृष्णवर्णीय प्रौढांपैकी सुमारे ७ टक्के लोकांचीच नावे मतदारयादीत होती. १९६७ पर्यंत ते प्रमाण सुमारे ६० टक्क्यांवर गेले. कायद्याचे मोल काय असते, ते या दोन आकड्यांत दिसते. २००६ साली याच कायद्याची मुदत वाढविताना सिनेटमध्ये ९८ मते अनुकूल पडली. विरोधी एकही नव्हते.

परंतु २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा कणा मोडला. ज्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची संमती घ्यावी लागे, ती राज्ये ठरविण्याचे सूत्र न्यायालयाने रद्द केले. नवे सूत्र करण्याची मुभा काँग्रेसला होती. येथून बहुमताच्या बदलाची खरी परीक्षा सुरू झाली. २०१८ च्या निवडणुकीत प्रतिनिधिगृह डेमोक्रॅटांकडे गेले. त्यांनी २०१९ साली दुरुस्तीचे विधेयक मंजूर केले. पण रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने ते चर्चेलाच घेतले नाही. जानेवारी २०२१ मध्ये जॉर्जियातील दोन जागा जिंकून डेमोक्रॅट सिनेटमध्ये ५० वर पोचले आणि उपाध्यक्षांच्या निर्णायक मताने बहुमत त्यांचे झाले. आता विधेयक सिनेटपुढे आले. सेल्माच्या पुलावर ज्यांचे डोके फुटले होते, त्या जॉन लुइस यांचे नाव त्याला दिलेले होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६० मतांची गरज असता अनुकूल मते पडली ५०. जानेवारी २०२२ मध्ये नियमच बदलण्याचा प्रयत्न झाला. तो ४८ विरुद्ध ५२ मतांनी फसला, कारण बहुमतवाल्या पक्षाचेच दोन सभासद, जो मॅन्चिन आणि कर्स्टन सिनेमा, विरोधात गेले. बहुमत दोनदा बदलले. प्रत्येक वेळी अडथळा नाहीसा न होता एका दारातून उठून दुसऱ्या दारात जाऊन बसला.

मग बहुमत बदलणे व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. कोणते विधेयक चर्चेस घ्यावयाचे, समित्यांचे अध्यक्ष कोण, चौकशी कोणाची, हे बहुमतच ठरविते. न्यायाधीशांच्या नेमणुका २०१३ व २०१७ सालच्या बदलांपासून साध्या बहुमताने होऊ लागल्या. जमाखर्चाच्या काही विधेयकांनाही ६० मतांचे बंधन नसते. २०२५ साली राष्ट्राध्यक्षपद आणि दोन्ही गृहे रिपब्लिकन पक्षाकडे होती. त्याच पक्षाने जुलैत कर व खर्चाचे मोठे विधेयक सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५० मतांनी पार पाडले. आणि ऑक्टोबरात सरकारी खर्चाच्या साध्या मंजुरीसाठी ६० मते न मिळाल्याने सरकारचे पुष्कळसे काम ४३ दिवस बंद राहिले. पक्ष तोच आणि बहुमतही तेच. नियम वेगळा, म्हणून फळ वेगळे.

बंधु-भगिनींनो, यावरून घ्यावयाचा बोध असा. कोणताही पक्ष ‘आम्हांस बहुमत द्या, तुमचा कायदा करू’ असे म्हणेल, तेव्हा त्याला तीन प्रश्न विचारावेत. हा कायदा कोणकोणत्या दारांतून जावयाचा आहे? प्रत्येक दारात किती मते लागतात? आणि तुमच्याच बाकांवरील कितीजण या प्रश्नावर तुमच्याबरोबर उभे राहतील? १९६४ साली अमेरिकेतील चळवळीच्या लोकांनी हे प्रश्न सोडविले होते. धर्मोपदेशक आणि सामान्य नागरिक मध्य-पश्चिमेच्या राज्यांतील सिनेटरांना भेटत राहिले, पत्रे पाठवीत राहिले. त्या राज्यांत कृष्णवर्णीयांची मते थोडी होती. पण सिनेटमधील प्रत्येक मत सारखेच मोजले जात होते. आपले मत पेटीत टाकल्यावर आपले काम संपले, असे ज्यांना वाटते त्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा, इतकीच माझी विनंती आहे.