रॉकेटचं इंधन आणि मेरी मॉर्गन



चांद्रयानाचा विषय निघाला की आमच्या बैठकांमध्ये एक प्रश्न हमखास येतो: वर हवा नाही, मग रॉकेटचा जाळ पेटता राहतो कसा? प्रश्न अगदी रास्त आहे. चूल धुमसायला लागली की आपण फुंकणी घेतो. गॅसची शेगडीसुद्धा बर्नरच्या नळीला असलेल्या भोकांतून हवा ओढून घेते. जाळाला ऑक्सिजन हवाच. रॉकेटला तो वर मिळणार नसतो, म्हणून ते आपली शिदोरी बांधूनच निघतं.

द्रव इंधनाच्या रॉकेटमध्ये दोन टाक्या असतात. एकीत इंधन, दुसरीत ऑक्सिजन पुरवणारा द्रव. बऱ्याचदा तो ऑक्सिजनच असतो, उणे 183 अंशांपर्यंत थंड करून पातळ केलेला. पंप दोन्ही द्रव इंजिनात जोरानं ढकलतात. तिथं त्यांचे फवारे एकमेकांत मिसळून जळतात आणि तापलेला वायू खालच्या तोंडातून सुसाट सुटतो. वायू खाली, रॉकेट वर. फुगवलेला फुगा तोंड न बांधता सोडला की पळतो ना, तसंच. इंधन म्हणून शुद्ध केलेलं रॉकेलसुद्धा चालतं; माणसांना चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-5 च्या पहिल्या टप्प्यात तेच होतं.

पण एका इंजिनासाठी योजलेलं इंधन दुसऱ्यात ओतून चालत नाही. पंप, टाक्या, सगळं त्या द्रवाच्या मापानं बेतलेलं असतं. अमेरिकेच्या रेडस्टोन रॉकेटमध्ये अल्कोहोल आणि पाण्याचं मिश्रण जळायचं. उपग्रह सोडायला त्याचा जोर कमी पडत होता. इंजिन तेच ठेवा, फक्त इंधन बदलून जोर वाढवा, असं अवघड काम मेरी शर्मन मॉर्गन यांच्याकडे आलं.

या 1921 साली नॉर्थ डकोटातल्या शेतकरी घरात जन्मल्या. रसायनशास्त्र शिकत होत्या. महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी धरली आणि पदवी राहिली ती राहिलीच. त्यांनी दोन रसायनांचं प्रमाण बसवलं. यूडीएमएच नावाचं हलकं रसायन 60 टक्के, त्यात दुसरं जड रसायन 40 टक्के. नाव पडलं हायडाइन. 31 जानेवारी 1958 ला याच इंधनावर अमेरिकेचा पहिला उपग्रह, एक्सप्लोरर-1, वर गेला.

त्या रात्रीचा फोटो प्रसिद्ध आहे: उपग्रहाची प्रतिकृती डोक्यावर उचलून धरलेले तीन पुरुष. तिघंही मोठेच, त्यांचं श्रेय आम्ही नाकारत नाही. पण इंधन कुणी बसवलं हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. (पापडाच्या पाकिटावर गटाचं नाव असतं, पीठ कुणाच्या हातचं, ते कुठं लिहिलेलं असतं?) मॉर्गन 2004 साली गेल्या. मुलानं आईवर नाटक लिहिलं, मग 2013 साली पुस्तक आलं, तेव्हा लोकांना त्यांचं नाव कळलं.

यूडीएमएच आपल्याकडेही वापरतात. इस्रोच्या विकास इंजिनात ते जळतं, आणि ही इंजिनं मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यातही तयार होतात. 14 जुलै 2023 ला चांद्रयान-3 घेऊन निघालेल्या रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यात अशी दोन इंजिनं होती. त्यांना पेटवायला ठिणगी लागत नाही. टाक्यांमधले दोन द्रव एकमेकांना भेटले, की आपोआप पेट घेतात.