चाकाची झिलई

बुलढाणा जिल्ह्याच्या खामगांव तालुक्यांतील पिंपळगांव राजा हें कपाशीच्या मुलखांतील गांव. अशा गांवच्या शेतकऱ्यास बैलगाडीच्या चाकाची परीक्षा कोणी शिकवावी लागत नसे. तुंबा झिजला कीं चाक डुलूं लागे, आरा सैल झाला कीं तें करकरे, आणि धाव ढिली झाली कीं लोहाराकडून ती तापवून पुन्हां चढवून घेतां येई. लांकडी चाक आपलें दुखणें बोलून दाखवी. मोटारीचें मिश्रधातूचें चाक मात्र मुकें असतें. त्याच्या अंगावर पांढुरक्या पुटकुळ्या व बारीक खळगे दिसूं लागतात. परंतु त्यांतील कोणते नुसते कुरूप आणि कोणते घातक, हें चटकन् उमगत नाहीं.

अशीं चाकें अगदीं नवीं नव्हेत. १९२४ सालीं फ्रान्समधील लियाँ येथील शर्यतींत बुगाटीच्या 'टाइप ३५' गाड्यांना ओतीव अॅल्युमिनियमचीं चाकें होतीं. आज या कामीं वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित मिश्रणांत शेंकडा सुमारें सात भाग सिलिकॉन व किंचित् मॅग्नेशियम असतें. अॅल्युमिनियम हवेंत टिकतें तें त्यावर धरणाऱ्या ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळें. हा पापुद्रा मिलिमीटरच्या लक्षांशाहूनही पातळ. तरीही तोच आंतील धातूचें चिलखत होतो. मिठांतील क्लोराइड त्या चिलखतास छिद्र पाडतें, आणि मग क्षय आंत आंत उतरत जातो.

पिंपळगांव राजाच्या उत्तरेस पूर्णा नदीच्या खोऱ्यांत खारपाण पट्टा आहे. तेथील भूगर्भांतलें पाणी खारट. अशा पाण्यानें धुतलेली गाडी उन्हांत उभी केली म्हणजे पाणी उडून जातें आणि मीठ चाकावर राहतें. समुद्र शेंकडों मैल दूर असतांही चाकास समुद्रकांठचा रोग जडूं शकतो, तो असा.

खामगांव चांदीच्या व्यापाराबद्दल प्रसिद्ध आहे. चांदीचें भांडें काळवंडतें तें गंधकाच्या संसर्गानें. तो काळिमा वरवरचा असतो व घांसला कीं जातो. चाकावरील खळगा हा काळिमा नव्हे. तेथला धातूच नाहींसा झालेला असतो. खळगा भरून येत नाहीं. त्याच्या तळाशीं पोहोंचेपर्यंत सभोंवारचा धातू उतरवावा लागतो. म्हणूनच झिलईचें काम हातीं घेण्यापूर्वीं चाकाचें बळ पारखलें पाहिजे.

त्यासाठीं जुनी युक्ति अशी. टायर काढून चाक स्वच्छ धुवावें, वाळवावें, संशयित जागीं घासलेट लावून कांहीं वेळानें कोरडें पुसावें आणि वर खडूची पूड भुरभुरावी. चीर असल्यास आंत मुरलेलें घासलेट पांढऱ्या पुडींतून रेघेसारखें उमटतें. रेघ उमटली कीं तें चाक बाद समजावें. रेघ न उमटली तरी चाक वांकलेलें असल्यास जाणत्या कारागिराचाच निर्वाळा घ्यावा.

नुसते खळगे असल्यास घरीं काम करतां येतें. प्रथम जुनें लॅकर रंग काढण्याच्या द्रव्यानें, हातमोजे घालून व उघड्या हवेंत, उतरवावें. ज्योतीनें तें कधींही जाळूं नये. या धातूस सुमारें १५० ते १८० अंश सेल्सिअस उष्णतेंत मुरवून बळ आणलेलें असतें, तें आगीनें जातें. तांब्यापितळेप्रमाणें चिंच-मीठ लावूं नये, आणि धुण्याचा सोडाही नको. तो चिलखतच विरघळवितो. नंतर पाणी लावून वॉटर-पेपरनें घांसावें : २४०, ३२०, ४००, ६००, ८००, १००० असे क्रमानें. प्रत्येक कागदाची दिशा मागच्यास आडवी ठेवावी, आणि मागच्याचे ओरखडे पुरते गेल्यावांचून पुढचा हातीं घेऊं नये. येथें घाई करणाऱ्याचे ओरखडे शेवटच्या चकाकींत दुप्पट दिसतात. ओल्या घांसणीनें धूळही उडत नाहीं. अॅल्युमिनियमची कोरडी बारीक धूळ पेट घेऊं शकते. शेवटीं मऊ कापडानें झिलईचा लेप चोळावा.

ही चकाकी उघडीच राहिल्यास रोग पुन्हां येणार. आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठावर लॅकर नीट धरत नाहीं. तेव्हां लॅकर द्यावयाचें तर ६०० वा ८०० च्या कागदावरच थांबावें, नाहींतर नियमितपणें मेण लावीत राहावें. टायर जेथें बसतो ती कडा, नटांच्या बैठका व तुंब्याला टेकणारा भाग घांसूं नये, रंगवूंही नये. चाक चढवितांना नट समोरासमोरच्या जोडीनें आवळावे आणि पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हां तपासावे.

कुटुंबाचा भार वाहणाऱ्या चाकावर तेज आणणें हें चांगलें काम खरें. पण तेज ही बळाची साक्ष नव्हे. खारें पाणी टाळून गोड्या पाण्यानें धुण्याची व लगेच पुसून घेण्याची संवय लागली, तर झिलईचा प्रसंगच क्वचित् येईल.