वर्ग खाली आणा, मुलीचा विषय बदलू नका

(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



मी प्राध्यापक नाही. सूतगिरणीच्या रिंग खात्यात उभा राहणारा माणूस. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून. म्हणून मोठ्या शब्दांत न शिरता आपल्याच वस्तीतल्या एका मुलीविषयी बोलतो. तिला विचारूनच बोलतो आहे, मात्र नाव घेऊ नका असं तिनं बजावलं आहे.

मुलगी सतरा वर्षांची. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नीट पोहोचत नाही. कुबडी घेऊन चालते, उजवा हात थरथरतो. दहावीला चांगले गुण मिळवून तिने अकरावी सायन्सला प्रवेश घेतला, कारण तिला फार्मसी करायची आहे. कॉलेजात वर्ग दुसऱ्या मजल्यावर, प्रयोगशाळा तिसऱ्या, लिफ्ट नाही. थोड्याच दिवसांत वडिलांना बोलावणं आलं. "प्रॅक्टिकल तिला जमणार नाही. आर्टस्‌ला टाका, तिच्या भल्याचंच सांगतोय." आणि पुढ्यात अर्ज तयार : आम्ही स्वेच्छेने शाखा बदलत आहोत, खाली सही करा. घरीही आत्या-मावश्या म्हणू लागल्या, कशाला पोरीचे हाल करता?

आता आर्टस् काही हलकी शाखा नाही. मी स्वतः इतिहास वाचणारा. ज्याला आवडते त्याने जरूर घ्यावी. पण सायन्सवरून आर्टस्‌ला जाता येतं, उलट यायला सहसा वाट नसते. आणि बारावी सायन्सशिवाय फार्मसीला प्रवेश नाही. त्या एका सहीची किंमत एवढी होती, आणि जिचं आयुष्य, तिला कुणी विचारलंच नव्हतं.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्याच्या मुलाला ते शिकवलं जाईना, म्हणून फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत ते स्वतःच्या कष्टाने शिकले. तिथे जात आडवी आली, इथे जिना. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणत नाही. पण कुणी काय शिकावं हे दुसऱ्याने ठरवायचं, ही रीत आपल्या समाजाने सोसलेली आहे. निदान आपण तरी ती आपल्या लेकरांवर चालवू नये.

गिरणीत ठेंगणा माणूस मशीनवर आला तर जॉबर त्याच्या पायाखाली फळी देतो. उंच होऊन ये, असं सांगत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही हीच गोष्ट आहे. (सरकार आता दिव्यांग म्हणतं, आम्ही अपंग म्हणत आलो. शब्द कुठलाही घ्या, जिना तेवढाच उंच.) त्याचं सोळावं कलम सांगतं की सरकारी अनुदान वा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत वापरण्याजोगी ठेवावी आणि त्या विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी. बारावीनंतर सरकारी व अनुदानित संस्थांत 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत. 2024 साली महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या मेडिकल प्रवेशाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसत्या टक्केवारीवर प्रवेश नाकारता येत नाही, तो अभ्यासक्रम त्याला झेपतो की नाही ते तपासलं पाहिजे.

आम्ही काय केलं? सही केली नाही. "जमणार नाही हे आपण लेखी द्यावं," असा अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. तोंडाने दहा वेळा सांगणारे कागदावर एकदाही लिहायला तयार होईनात. त्याच अर्जात सोयी मागितल्या : वर्ग तळमजल्यावर, प्रॅक्टिकलला जोडीदार. ब्युरेट जोडीदाराने धरायची, पातळी हिने वाचायची, हिशोब हिने करायचा. पोरांनी उचलून वर नेण्याची तयारी दाखवली होती, चांगली पोरं आहेत. पण ती म्हणाली, "काका, मी सामान नाहीये." मग तो विषय संपला.

वर्ग खाली आले आहेत. प्रयोगशाळा अजून वरच आहे. तिचं उत्तर महिनाअखेर आलं नाही, तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार जाईल. शिवाय बोर्डाच्या परीक्षेसाठी लेखनिक आणि जादा वेळ हवा. 2018 च्या केंद्राच्या नियमांत तो तासाला किमान 20 मिनिटं ठरवला होता. त्याचा अर्ज कॉलेजमार्फतच जातो, आणि आपण मागे लागलो नाही तर टेबलावरच राहतो.

वडील रोजंदारीवर आहेत, प्रत्येक खेपेला एक खाडा पडतो. तेव्हा मंगळवारी त्यांच्याऐवजी आईसोबत कॉलेजात जायला आणि अर्ज नीट लिहायला दोन शिकलेली पोरं-पोरी हवी आहेत. सभा संपल्यावर नावं माझ्याकडे द्या. आणि ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी रविवारी वंदनेनंतर अपंगत्वाचा दाखला आणि शाळेचे कागद घेऊन इथेच यावं. मुलाला सोबत आणा, त्याला काय शिकायचंय ते त्याच्याच तोंडून ऐकू.

जयभीम. नमो बुद्धाय.