मुक्या राखणदाराचं दुखणं



दावणीचा बैल रवंथ करीनासा झाला की सारं घर काळजीत पडतं. पण त्याच घराच्या ओसरीवर रात्रभर जागणारा कुत्रा दोन दिवस भाकरीला तोंड लावीत नसेल, तर ‘उन्हानं मंदावलाय, होईल बरा,’ असं म्हणून आपण कामाला लागतो. खंडोबाच्या देवळात त्याच्या कुत्र्यावर आपण भंडारा उधळतो. दारातल्या जिवंत कुत्र्याकडे मात्र वाकून पाहत नाही. मी पशुवैद्य नव्हे, कॉलेजात शिकवणारा माणूस आहे. औषध सांगण्याचा मला अधिकार नाही. पण डॉक्टरकडे केव्हा निघावं, हे कुणाही घरधन्याला ओळखता येतं. तेवढंच आज सांगतो.

कुत्रा आपलं दुखणं बराच काळ लपवतो. म्हणून त्याची रोजची रीत ध्यानात ठेवावी. पावलांची चाहूल लागताच उठणारा कुत्रा उठेनासा झाला, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसू लागला, की काहीतरी बिघडलंय असं समजावं. नाक कोरडं म्हणजे ताप, ही समजूत खरी नव्हे. कुत्र्याच्या अंगाची उष्णता मुळातच आपल्यापेक्षा जास्त, म्हणजे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ताप किती, ते डॉक्टरांनाच पाहू द्यावं.

आपण पाहायचं ते हिरड्यांकडे. कुत्रा ओळखीचा, शांत असेल आणि त्याच्या वागण्यात काही विपरीत नसेल, तरच ओठ हळूच वर करावा. निरोगी हिरडी गुलाबी नि ओलसर असते. बोटानं दाबली तर पांढरी पडते आणि सुमारे दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. हिरड्या पांढऱ्याफटक, पिवळ्या किंवा निळसर दिसल्या तर थांबू नये. अंगावर गोचिडी फार असतील आणि हिरड्या फिक्या पडत असतील, तर गोचिडीमुळे होणाऱ्या तापाची शंका घ्यावी. स्वस्थ बसलेला असताना धाप लागणं, पोट ढोलासारखं फुगणं, लघवी तुंबणं, झटके येणं, ही सारी त्याच दिवशी डॉक्टर गाठण्याची लक्षणं आहेत. पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले, तर रात्र उलटण्याचीही वाट पाहू नये. पार्व्हो नावाचा रोग पिल्लांना दोन-तीन दिवसांत संपवतो. त्यावर लस आहे, पण ती आजाराआधी टोचावी लागते.

आणखी एक. घरात माणसांसाठी आणलेली तापाची किंवा अंगदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नका. आपल्याला मानवणारी गोळी त्याच्या जिवावर उठू शकते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, पिसाळण्याची. पिसाळलेला कुत्रा सैरावैरा धावतो, चावत सुटतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण काही कुत्रे पिसाळले तरी अगदी गप्प होतात. जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलतो. धन्याला वाटतं, घशात हाड अडकलं! आणि तो मायेनं तोंडात हात घालतो. बाबांनो, असा हात कधीही घालू नका. रोगाचं विष त्या लाळेतच असतं. पाणी पितो म्हणजे पिसाळलेला नाही, हेही खरं नव्हे. अशा कुत्र्याला उचलून नेण्याच्या भरीस पडू नका. मुलांना दूर ठेवा आणि डॉक्टरांना कळवा.

कुत्रा चावला, किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी. हळद, चुना, मिरची काही भरू नये, डाग देऊ नये. तडक सरकारी दवाखान्यात जाऊन लस टोचून घ्यावी आणि सांगितलेल्या तारखा चुकवू नयेत. लुई पाश्चर यांनी १८८५ साली एका मुलाला ही लस प्रथम टोचली. म्हणजे उपाय हाती येऊन सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. पण रोगाची लक्षणं माणसात दिसू लागल्यावर तो जवळजवळ कधीच वाचत नाही.

शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती आहे. मार बसेल म्हणून मुलं कुत्रा चावल्याचं लपवतात. ‘चावला तर लगेच सांगा, कुणी रागावणार नाही,’ हे वर्गात पुन्हापुन्हा सांगा. तुमच्या त्या एका वाक्यानं एखादं मूल वाचेल.

कुत्रा डॉक्टरकडे नेताना तो कधीपासून खात नाही, उलटी किती वेळा झाली, लस केव्हा टोचली होती, हे आठवून जा. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना फक्त गाई-म्हशींचा नाही. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा दूरध्वनी क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. आणि कुत्रा धडधाकट आहे तोवरच त्याला पिसाळण्यावरची लस दर वर्षी टोचून घ्या. त्यात त्याची राखण आहे, तशी आपल्या लेकरांचीही आहे.