पाखरांसाठी नासपती



झाड लावावे आणि त्याचे फळ आपण खावे, ही रीत जगभर आहे. परंतु फळ रानातल्या जिवांनी खावे, याच हेतूने झाड लावणारे लोकही आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेकडील उष्ण राज्यांत, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी या भागांत, रानाच्या कडेला नासपतीची झाडे लावतात. खाली गळलेले फळ खाण्यास हरणे येतात, लहान जनावरे येतात, पक्षी येतात. कोणी हे जीवदयेने करतो, कोणी शिकारीच्या सोयीसाठी. हेतूंची चर्चा येथे नको. या झाडाने तेथे दिलेला धडा मात्र आपणांसही ऐकण्याजोगा आहे.

नासपती मूळची थंड हवेची. हिवाळ्यात पाने गाळून ती निजते आणि पुरेशी थंडी अंगावरून गेल्याखेरीज नीट जागी होत नाही. 7 अंश सेल्सियसच्या खाली किती तास गेले, यावर हा हिशेब मांडतात. ‘बार्टलेट’ या प्रसिद्ध जातीस असे सुमारे 800 तास लागतात. उष्ण प्रदेशात ते मिळाले नाहीत, की फुलोरा विस्कळीत येतो आणि फळ धरत नाही. त्यातच दमट, उबदार वसंतात ‘फायर ब्लाइट’ नावाचा जिवाणूंचा रोग पडतो. कोवळे शेंडे आगीने होरपळल्यासारखे काळे पडतात.

या दोन्ही संकटांतून वाट काढली ती ‘कीफर’ जातीने. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाजवळ पीटर कीफर याच्या रोपवाटिकेत चिनी व युरोपीय नासपतींच्या सहज झालेल्या संकरातून हे झाड निपजले. त्यास थंडी बार्टलेटपेक्षा बरीच कमी पुरते आणि रोगापुढेही ते अधिक तग धरते. फळ टणक व रवाळ. माणूस ते शिजवून खातो. हरणांची मात्र काही तक्रार नाही.

आता या कथेची दुसरी बाजू. चीनमधील एक रानटी नासपती ‘कॅलरी’ या मिशनऱ्याच्या नावाने ओळखली जाते. रोगास दाद न देणारे खुंट मिळावेत, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी तिचे बी अमेरिकेत आणले गेले. पुढे तिच्यातूनच निवडलेली ‘ब्रॅडफर्ड’ ही शोभेची जात 1963 साली तेथील कृषी खात्याने लोकांच्या हाती दिली. पांढऱ्या फुलांनी डवरलेली ही झाडे रस्तोरस्ती उभी राहिली. नासपती सहसा स्वतःच्या परागाने फळत नाही. म्हणून ती पसरण्याचे भय कोणास वाटले नाही. परंतु त्याच कुळातील इतर जाती बाजारात आल्या, परागांची देवघेव झाली आणि बोराहूनही लहान फळे लगडली. आपल्या साळुंकीचा भाऊबंद स्टार्लिंग पक्षी ती आवडीने खाऊ लागला आणि बी दूरवर टाकू लागला. आज तेथील पडीक शेतांत काटेरी जाळ्या माजल्या असून मूळची झाडे त्यांखाली गुदमरतात. ओहायो राज्याने 2023 पासून व दक्षिण कॅरोलिनाने 2024 पासून तिच्या विक्रीस बंदी केली.

हे परक्यांचे म्हणून आपण हसू नये. आपल्या माळरानांवर माजलेली घाणेरी अशीच अमेरिका खंडातून बागेच्या शोभेसाठी आली आणि बुलबुलांनी तिची काळी फळे खाऊन ती घाटाघाटांत पोहोचवली. दोष पाखराचा नव्हे. ते आपली भूक भागवते. काय पेरले जाईल, हे आपण त्याच्यापुढे काय ठेवतो यावर ठरते.

मग बेळगाव, गोवे या आपल्या मुलखात काय करावे? निलगिरीच्या उंचीवर नासपती होते. येथे तिला हवी तितकी थंडी नाही, आणि तिच्यासाठी हट्ट धरण्याचे कारणही नाही. उंबर वर्षातून अनेकदा फळतो. धनेशापासून वटवाघळापर्यंत सारे त्याच्या पंगतीस बसतात. वैशाखाच्या अखेरीस जांभूळ पिकते. वड आहे, भोकर आहे. यांचे बी पाखराने कोठेही नेले, तरी ते आपल्याच रानात रुजेल आणि त्या रानास ओळखीचे असेल.

परसात जागा असेल, तर या पावसाळ्यात पाखरांच्या नावाने एक झाड अवश्य लावा. फक्त खड्डा खणण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्या : हे झाड येथील हवेत सुखाने नांदेल काय, आणि त्याचे बी उडून गेल्यावर उद्या कोणाच्या शेतात उगवेल?